पाणी कमी, दगड घट्ट

१२ मार्च
ओली डाळ वाटायची दगडी चक्की सगळ्या परदेशीपुऱ्यात एकच. माझी. समोर शारदाने स्टीलची मशीन लावली आहे, ती मी मोजत नाही. आज लक्ष्मीकांत दहीबडेवाला बादली आपटून गेला. म्हणे, मावशी, वाटण पातळ येतंय, रंगपंचमीला असंच आलं तर मी चाललो शारदाकडे. मोठं गिऱ्हाईक हेच उरलंय. हा गेला की शटर पाडायचं. नरडं धरणार होते. नाही धरलं. यंदा राग करायचा नाही असं ठरवलंय.

१३ मार्च
दगड गुळगुळीत झाले होते, टाकी लावून खरबरीत केले. छिन्नीखाली शारदाचं तोंड आहे असं समजले, हात आपोआप चालला. एक कपची उडून यांच्या कपाळाला लागली. हे ओरडले, मेलो. मी म्हटलं, मेलेला माणूस बोलत नाही.

१५ मार्च
पाणी अर्धं केलं. दगडांचा स्क्रू पुरा आवळला. वाटण घट्ट! आणि गरम, बोटाला चटका बसला. हे म्हणतात, अगं, पाणी सोड, दगड ढिले कर, मधून पाणीच गेलं नाही तर गरमी निघणार कुठून? जन्मभर नळ दुरुस्त केले आणि मला चक्की शिकवतात. गरम म्हणजे ताजं. लाटणं फेकलं. नेम चुकला, घड्याळ गेलं.

१७ मार्च
वाटण दुपारीच आंबलं. वडा तळला तर चपटा, टणक. यांना फेकून मारला, चांगला लागला. दोष उडदाचा. डाळवाल्याला फोनवर सोलून काढलं. लक्ष्मीकांतला सांगितलं, भिया, रंगपंचमीला बघच.

१८ मार्च, संध्याकाळ
लक्ष्मीकांतच्या बड्यांची डाळ टाकली. स्क्रू अजून आवळला. धूर. मोटर गुरगुरली, लाथ घातली, बंद पडली. हे परत पाणी, पाणी. म्हटलं, घ्या पाणी! थंडगार बादली तापल्या दगडावर ओतली. फट्ट! वरच्या दगडाचे दोन तुकडे. हे म्हणाले, आता सोडलंस होय पाणी. बादली त्यांच्यावर फेकली. रिकामी होती, नशीब त्यांचं.

१९ मार्च, रंगपंचमी
उरलेली भिजवलेली डाळ घेऊन, पदर तोंडावर ओढून, पहाटेच शारदाकडे. ती म्हणे, या ताई, लाइनीत उभ्या राहा. मारलं नसतं असं नाही, दोन्ही हातांत बादल्या होत्या. तिच्या मशीनला नळी आहे, पाण्याची बारीक धार चालूच. वाटण थंड, लोण्यासारखं. दगडाची मजा नाही. तेच माझं म्हणून लक्ष्मीकांतला पोचवलं.
गेरची मिरवणूक संपायच्या आत बडे खल्लास. लक्ष्मीकांत गुलालात न्हाऊन आला, पाया पडला. मावशी, असाच हात पाहिजे, आता रोज हेच वाटण! मी बरं म्हटलं. हात माझाच होता. बादली मीच धरली होती.
शारदा सकाळी किती वाजता उघडते, ते विचारायला यांना पाठवलंय.