धुरीच्या खोलीतली जागा

प्रिय दारका,

तुझी आई म्हणते, मी पत्र लिहायला बसलो की त्याचं भाषण होतं. तेव्हा मध्येच कंटाळलीस तर चहा करून ये, पण शेवटपर्यंत वाच. फोनवर हे जमलं नसतं. फोनवर आपण बापलेक फक्त हवामान बोलतो. तुमच्या ह्यूस्टनला उकडतंय, आमच्याकडे उणे सव्वीस, बरं तातो, ड्युटीची वेळ झाली, ठेवते. संपलं.

विधानसभेचं अधिवेशन सुरू झालंय. मंगळवारी प्रश्नोत्तरांच्या तासाला मला दोन प्रश्न मिळाले. पहिला छोट्या धंद्यांवरच्या कराचा. जुलैपासून तो पुन्हा चढणार आहे, आणि आपल्या हार्लन क्रीक गावातली बेकरी गेली, लोखंडी सामानाचं दुकान गेलं, आता मुख्य रस्त्यावर आपलं मटणाचं दुकान आणि पोस्ट ऑफिस एवढंच उरलंय. अर्थमंत्र्यांनी उत्तर दिलं म्हणजे छापील पुस्तिका वाचून दाखवली. पालथ्या घड्यावर पाणी. वर समोरच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "ओरेस्ट, आज सॉसेज नाही आणलंस?" सगळं सभागृह हसलं, मीही हसलो. सहा वर्षांपूर्वी मी लसणीच्या सॉसेजचं अख्खं वेटोळं हातात घेऊन बोलायला उभा राहिलो होतो आणि सभागृहात वस्तू दाखवायला बंदी आहे म्हणून सभापतींनी मला बाहेर काढलं होतं. तू वर प्रेक्षकांच्या सज्जात बसली होतीस. तिथे हसायलाही बंदी, म्हणून मफलर तोंडात कोंबून डोळ्यांतून पाणी काढत होतीस. ते सॉसेज तूच भरलेलं होतं. परवा तो टोमणा आला तेव्हा माझी मान आपोआप सज्जाकडे वळली.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे. कोणता सदस्य गैरहजर आहे, हे सभागृहात बोलायचं नाही. खुर्ची ढळढळीत रिकामी दिसत असली तरी नाही. गेली चार वर्षं आपल्या स्वयंपाकघरातही हाच नियम चालू आहे. तुझी आई बटाट्याचं सारण भरून उकडलेले पिरोगे करते, तुझ्या आवडीचे चीज घातलेले करत नाही, आणि का करत नाही हे मी विचारत नाही. जानेवारीत, आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या नाताळच्या पवित्र संध्याकाळी, नेहमीप्रमाणे गेलेल्यांसाठी एक जादा ताट मांडलं. त्या ताटाकडे बघता बघता तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण जिवंत माणसाचं नाव त्या ताटापुढे घेऊ नये, म्हणून गिळलं आणि बीटचं सूप फार गरम आहे असं काहीतरी बोललो.

असो. दुसरा प्रश्न कुशल कामगारांना बाहेरून आणण्याच्या योजनेचा. त्याच योजनेतून तीन वर्षांपूर्वी फिलिपिन्समधल्या इलोइलोहून रोडेल आपल्याकडे आला. तू त्याला फोटोत पाहिलंयस. सॉसेज-मटणाला धूर द्यायची आपली धुरीची खोली आता तो सांभाळतो. हात तुझ्याइतका हलका नाही, पण धूर त्याला कळतो. त्याची बायको आणि मुलगी तिकडेच आहेत. तो आला तेव्हा पोर दोन वर्षांची होती, आता पाचाची आहे. दुपारी तो फोन मिरीच्या डब्याला टेकवून ठेवतो आणि ती त्याला हलणारा दात दाखवते. त्याला कायमचा परवाना मिळाला तरच त्या दोघी येऊ शकतात, आणि त्याचा अर्ज चौदा महिने अडकलाय. मंगळवारी मी त्याला मुद्दाम सज्जात बसवलं. टाय माझाच होता. शेजारच्या बाकावरची वेरा पेनर कुजबुजली, "ओरेस्ट, स्वतःच्या दुकानाचं नाव काढू नकोस हं, अंगाशी येईल." मी म्हटलं, "दुकान माझ्या बायकोच्या, स्टेफाच्या नावावर आहे, आणि मी गावासाठी बोलतोय."

बोललो मात्र झकास. म्हणालो, "सभापती महोदय, आपण जगभरातून कसबी माणसं बोलावतो आणि त्यांची लेकरं वर्षानुवर्षं फोनच्या काचेत ठेवतो. हे अर्ज नेमके कुठे पडलेत, ते मंत्रीबाईंनी सांगावं!" आमच्या लोकांनी बाकं बडवली. मी कोट सावरत खाली बसलो. स्वतःवर एवढा खूश बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो.

मंत्रीबाई उठल्या. त्या आवाज चढवत नाहीत, हीच त्यांची पंचाईत आहे. म्हणाल्या, "कुठे पडलेत ते सांगते. मालकाने लिहून द्यायचं असतं की ही नोकरी कायमची आहे. बरेच मालक तिथे हंगामी लिहितात, नाहीतर जागा कोरी सोडतात. आम्ही अर्ज परत पाठवतो. मग तेच मालक तुमच्या घरी येतात आणि तुम्ही इथे येऊन माझ्यावर ओरडता." आता समोरची बाकं वाजली. त्यांना आपल्या दुकानाबद्दल काही माहीत नव्हतं, त्या सगळ्यांबद्दलच बोलत होत्या. पण चोराच्या मनात चांदणं. मी बुटांकडे बघत राहिलो. वर बघितलं तर रोडेल बाईंचं बोलणं पटल्यासारखी मान हलवत होता.

नंतर खालच्या उपाहारगृहात त्याने स्वतःच्या पैशाने दोघांसाठी सूप आणलं. म्हणाला, "सर, माझ्यासाठी माझा बाप कधी असा भांडला नाही." मी माझा वाडगा तसाच त्याच्यापुढे सरकवला आणि उठलो.

कारण दारका, मालकाने भरायचा तो कागद माझ्याकडेच होता; दुकान आईच्या नावावर असलं तरी कागदपत्रं मीच भरतो. स्वयंपाकघरातल्या खणात, ताटं पुसायच्या फडक्यांखाली. पहिल्यांदा मी त्यावर हंगामी लिहिलं. तो परत आला. दुसऱ्यांदा मी ती चौकट कोरी सोडली. तोही परत आला. आणि दोन्ही वेळा मी रोडेलला तोंड वर करून सांगितलं की सरकार ढिलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! लबाडी म्हणून केलं नाही, एवढं तरी मान. धुरीच्या खोलीतली जागा कायमची भरली असं लिहायला माझा हातच उठायचा नाही. ती तुझी जागा होती. एक दिवस तू नर्सिंगला कंटाळशील, गाडी दारात येईल, आणि त्या दिवशी जागा रिकामी असायला हवी, असं मी धरून चाललो होतो. त्यासाठी एका माणसाची पोर मी इलोइलोला अडकवून ठेवली.

तुझ्या आईने ते सगळं टीव्हीवर बघितलं होतं. बुधवारी सकाळी तिने खण उघडला, कागद काढला आणि माझ्या नाश्त्याच्या बशीशेजारी ठेवला. तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाली, "सरकारला जाब विचारतोस, आता मी तुला विचारते. दारका शेवटची आली होती तेव्हा तिने बूट काढायच्या आत तू काय केलंस?" मी म्हटलं, "काय केलं?" म्हणाली, "ॲप्रन दिलास तिच्या हातात. त्याच्या आदल्या वेळी सुरे. त्याच्या आदल्या वेळी किल्ल्या. पोरगी आईबापाला भेटायला यायची आणि तू तिला कामावर रुजू करून घ्यायचास. मग ती यायचीच बंद झाली, आणि तू बसलायस जागा राखत." 

तेव्हा हे पत्र. काल मी त्या चौकटीत कायम असं लिहिलं, सही केली आणि स्वतः पोस्टात टाकून आलो. मग धुरीच्या खोलीत जाऊन रोडेलला सगळं खरं सांगितलं. तो बाहेर जाऊन बर्फात उभा राहिला, परत येऊन भट्टी पेटवली. कालपासून त्याने मला सर म्हटलेलं नाही, आणि ते मला मान्य आहे. तुझे सुरे त्याला दिले. आता या घरात तुझ्यासाठी कुठलंच काम शिल्लक नाही, दारका. किल्ली नाही, ॲप्रन नाही, कोणी तुला काही विचारणार नाही. किती दिवस राहणार हेसुद्धा नाही. ईस्टरला ये. पाय पसरून बस, आई चीजचे पिरोगे करेल ते खा, दुपारी बारापर्यंत झोप, आणि जायचं तेव्हा जा. इतकी वर्षं मी तुला सांगत आलो की दुकानाला तुझी गरज आहे. दुकानाला नव्हती गं. मला होती, मला आहे.

तुझाच,
तातो