गुरुजींच्या रेडिओतली तार

बाबा, तुमच्यावरचा माझा जुना लेख आता पुस्तकात येतोय. त्यातलं एक वाक्य खोटं आहे, हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक. ते सुधारायला बसलो, तर लॅपटॉप तापून बंद. बुलढाण्याला नेला. मेकॅनिकने बोर्डावर, जिथून सगळीकडे वीज वाटली जाते तिथे, स्पिरिटचे थेंब सोडले, जरासा करंट दिला आणि कुठला थेंब आधी उडतो ते पाहत बसला. तिळाएवढा कपॅसिटर शॉर्ट निघाला. मी थेंबांकडे बघतच राहिलो, ते त्याला आपल्या हुशारीमुळे वाटलं. मला डोणगावचं आपलं दुकान दिसतंय. हिवाळ्याची सकाळ आहे, तुम्ही रेडिओच्या पार्टांवर घट्ट तुपाचे ठिपके ठेवताय. जो आधी पाघळेल तो दोषी. आई आतून ओरडते, "पोराच्या पोळीले तूप नाही, अन् त्या डबड्याले काऊन चारून राह्यले?" "ताप त्याले आहे, पोराले नाही," तुम्ही म्हणता.

शाळेतल्या गुरुजींचा रेडिओ दुरुस्तीला आला होता, त्याचा फ्यूज सारखा उडत होता. तुम्ही जेवायला आत गेलात आणि मी, नववीतला शास्त्रज्ञ, फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार पिळून बटण दाबलं. रेडिओ घुमला, मग धूर. ट्रान्सफॉर्मर जळाला. तुम्ही धावत आलात, आधी तार पाहिलीत, मग मला. तेवढ्यात गुरुजी दारात. "माह्याच हातून झालं, गुरुजी," तुम्ही म्हणालात. "एवढा जुना मिस्त्री, अन् फ्यूजमंदी तार?" बाजाराच्या दिवसापर्यंत ते गावभर झालं. मला तुम्ही एवढंच म्हणालात, "फ्यूज उडते तवा काही सांगून राह्यला असते. त्याचं तोंड नाही दाबाचं."

पुढे मी लोकांना टोचणारं विनोदी लिहिण्याचाच धंदा केला, आणि सुरुवात तुमच्यावरच्या त्या लेखापासून. फ्यूजमध्ये तार घालणारा अडाणी मिस्त्री! लेख फार गाजला. तुम्ही तो गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचात, "हा मिस्त्री म्हंजे मीच बरं!" मी समोर असलो की जरा जास्तच मोठ्याने हसायचात.

आज घरी येऊन 'मिस्त्री'च्या जागी 'मी' लिहिलं. खरं झालं, पण त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून पुन्हा मिस्त्रीच ठेवलाय, बाबा. प्रुफं परवा जायची आहेत.