नंबर नसलेलं दार

३ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

बाबांच्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर निघत नाही. पाय मोडलाय, जीभ शाबूत आहे. माझ्या चहाला दिवसातून तीनदा नावं ठेवतात.

आपली वस्ती पाडून इमारती बांधणार, त्याआधी मोजणीवाले दारोदार नंबर रंगवणार, असं कळलं. बंद दाराला नंबर नाही आणि नंबर नसलेल्याला नवं घर नाही. खोलीची किल्ली तुझ्याजवळ आहे. त्या दिवशी दार उघडून बस आणि सांग, ताई आजारी बापापाशी गावी गेलीय. गाव सोडल्यापासून अठरा वर्षं लोकांच्या उशांचे अभ्रे शिवून ती खोली केलीय रे. तू रस्त्यापलीकडे पक्क्या घरात राहायला गेलास, म्हणून विसरू नकोस. विसरलास तर कान उपटीन.

वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक गंमत सांगतो. मोजणीवाल्यांना पेंटर हवा होता, तर त्यांनी मलाच घेतलं! माझे आकडे बघून साहेब खूश झाले. तुझ्या गल्लीतलं काम मंगळवारी झालं. खोलीची काळजी करू नकोस. डोक्यावर कामाचा डोंगर आहे, म्हणून आवरतं घेतो.

बाबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बारक्या

१८ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

अगं बाई, म्हणजे माझ्या दारावर माझ्याच भावाचं अक्षर! बाबा ज्याला त्याला सांगत सुटलेत. पण नंबर कितवा ते लिहिलंच नाहीस. उलट टपाली कळव.

वाट बघणारी,
ताई

२६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार कागद फाडले, हा पाचवा. तुझ्या दारावर नंबर नाही.

साहेब वस्तीतल्यांना गावंढळ म्हणायचे आणि मीही दात काढून हसायचो. पहिल्याच दिवशी सांगून बसलो होतो की इथे माझं कुणी नाही. तुझ्या दाराशी त्यांनी विचारलं, इथे कोण राहतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, माहीत नाही. भाजीवाल्या मावशी ओरडून सांगत होत्या की ही याची सख्खी बहीण. मी म्हणालो, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. मग ब्रश बुडवला आणि शेजारच्या दारावर एकोणसाठ काढला.

काल साहेबांना खरं सांगितलं. यादी बंद झाली म्हणाले आणि मला कामावरून काढलं. ताई, मला माझीच शरम वाटते. आरशात बघवत नाही.

तुझा म्हणवून घ्यायला तोंड नसलेला,
बारक्या

४ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

मावशींचं पत्र तुझ्या अकरा तारखेच्या पत्राआधीच आलं होतं. तू आपणहून सांगशील म्हणून गप्प राहिले. नंबर विचारला तोही मुद्दामच.

खोलीसाठी दोन दिवस रडले, खोटं कशाला बोलू? बाबांना अजून सांगितलेलं नाही. काय तोंडाने सांगू?

आधी मावशींच्या पाया पड, चारचौघांत. मग माझं शिलाई मशीन तुझ्या घरी नेऊन ठेव. प्लास्टर निघालं की बाबांना घेऊन तिकडेच येते, कायमची. तुझ्या जिन्यात शेजारी उभे राहतील, ही बाई कोण म्हणून विचारतील. मी तोंड उघडणार नाही. ते तू सांगायचंस.

ताई