दार न वाजवता द्यायचं पीट

मी, फेस्टस कॉनीली, वय एकोणऐंशी, राहणार किलब्रॅन, कॉनेमारा, आयर्लंड. छाती बिघडली आहे, डोकं शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

१. घर, दोन गायी आणि बँकेतली शिल्लक भाची ऊना हिला. छप्पर गळतं, ते तिला माहीत आहे.

२. मेहुणा बार्टली याने सतरा वर्षांपूर्वी 'उद्या आणून देतो' म्हणून माझी हातगाडी नेली. ती आता त्याचीच समजावी. आणखी काही मागू नये.

३. दलदलीतला माझा पट्टा, जिथलं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची जळाऊ माती, कापून आम्ही जाळायच्या विटा वाळवतो, तो चर्चच्या इंधन-मदत समितीला. अट एकच: गरजूच्या भिंतीला विटा रचून निघून यायचं. दार वाजवायचं नाही, आत डोकावायचं नाही. शेडमधल्या वाळलेल्या सगळ्या विटा मात्र शेजारीण डेलिया मुलकेरीन हिला.

कारण सांगतो. बावीस वर्षं मी आणि बार्टली समितीतर्फे घरोघर फिरलो. डेलिया विधवा, पदरात मुलीची दोन पोरं. तिच्याकडे कधीही जावं तर चूल धडधडून पेटलेली. "हिला कसली मदत? हिच्याकडे आपल्यापेक्षा ऊब आहे," असं बार्टली म्हणायचा आणि मी नोंदवायचो, 'गरज नाही'. असे तीन हिवाळे गेले. आम्ही मंगळवारी येतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तरी आमच्या टाळक्यात काही शिरलं नाही.

चौथ्या वर्षी टोपी विसरली म्हणून मी परत गेलो. पोरं घरात कोट घालून बसली होती. डेलिया जळत्या विटा चिमट्याने उचलून पत्र्याच्या डब्यात टाकत होती, झाकण लावून विझवायला.

"टोपी ना? खुंटीवर आहे बघ."

"डेलिया, हे काय चालवलंयस?"

"मग पाहुण्याला गारठ्यात बसवू? बस, फेस्टी, चहा टाकते." आणि तिने त्या विटा पुन्हा चुलीत घातल्या. माझ्यासाठी.

एवढ्या मोठ्या मनाची बाई भिंतीपलीकडे राहते आणि मी तिच्या नावापुढे 'गरज नाही' लिहीत होतो. त्यानंतर किती वेळा विटा देऊ केल्या. "आमचं भागतंय, तू तुझं बघ," हेच उत्तर.

४. हे कलम आत्ता घातलं आहे. ऊनाने घोळ घातला, साक्षीदार म्हणून डेलियालाच बोलावलं. मला सांगावं लागलं, "तुला सही करता येणार नाही. ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं रद्द होतं."

तिने पेन उचललं. मला वाटलं, विटा नाकारायला ही आता मुद्दाम सही ठोकणार. तिने पेन खाली ठेवलं. "शाळेतल्या बाईंना घेऊन येते," म्हणाली आणि गेली.

सही: फेस्टस कॉनीली

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. नुआला जॉइस, शिक्षिका
२. कोलमन फॉल्टी, टपालवाला

किलब्रॅन, ३ ऑक्टोबर २०११