ताण्यावर वाळत घातलेलं जॅकेट

मंगळवार, संध्याकाळ. कामथडी.

अजून राग धुमसतोय. सकाळपासून मी नि सासूबाई मागावर सतरंजीचा ताणा चढवत होतो. त्यांनी समोरून धाग्यांचे झुपके घट्ट ओढून धरायचे, मी धागे गुंडाळायचा रूळ फिरवायचा. उभे धागे सगळे सारख्या ताणात बसले तरच सतरंजी सपाट येते. तळहातानं चाचपून पाहिलं, एकही ढिला नव्हता. बरं वाटलं. जेवायला उठलो.

परत येते तर मधोमध यांचं ओलं जॅकेट! ताणलेल्या धाग्यांवर वाळत घातलेलं. खालचे धागे भिजून लोंबलेले.

"दोरीच हाय की. वारं लागतंय म्हणून टाकलं," हे म्हणाले.

दोरी? इतकी वर्षं माझं काम म्हणजे यांना दोरी दिसली? यांच्या ट्रॅक्टरच्या सीटवर मी कधी ओली साडी टाकली का?

मी ओरडणार, तोच सासूबाई बोलल्या. मुलाशी त्या कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. आज बोलल्या. "त्ये जॅकेट उचल आन् हितं बस. म्या जे धरलं व्हतं त्ये आता तू धरायचं."

हे बसले. सगळा ताणा उलगडला, पंख्याखाली सुकवला, पुन्हा चढवला. यांचा हात जरा सैल पडला की मी "ओढा!" म्हणत होते, मुद्दाम जोरात. शेवटी ताण सारखा बसला. माझा राग मात्र नाही गेला. एक 'चुकलं' म्हणायला एवढं काय जड होतं?

मघाशी हे दंड दुखतायत म्हणून तेल मागत होते. मी मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बाटली फळीवर हाय. घे तुझा तू."