चंद्रीचं दावं

प्रिय रेणुका,

तुझा फोन लागतो, वाजत राहतो आणि आपोआप गप्प होतो. म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. सातवीत एका बाकावर बसून चिठ्ठ्या सरकवायचो, त्यानंतर तुला काही लिहायची ही पहिलीच वेळ. अक्षराला हसू नकोस. पत्र तुझ्या ह्यांच्या, धम्मानंदभाऊजींच्या, शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. हिमायतनगरला पोचलं की ते तुझ्या हातात देतीलच, मास्तर माणूस, पत्र दडवून ठेवणार नाही. फोनसारखं हे वाजून बंद होणार नाही. फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग फाड.

इकडचं बरं आहे म्हणायचं. तुरीच्या शेंगा भरल्यात, ज्वारी यंदा जोरात आहे. आमच्या मामंजींना कानाचं मशीन आणलं, तर आत्याबाई बोलायला लागल्या की ते मशीन काढून खिशात ठेवतात. आत्याबाई म्हणतात, मशीन परत करा, हे आधी बरे होते. मला शाळेच्या समितीचं अध्यक्ष केल्यापासून गुरुजी 'अध्यक्षा मॅडम' म्हणतात आणि खिचडीच्या तांदळातले खडे निवडायला बसवतात. अशी आमची सत्ता. तुझ्या दारातला शेवगा शेंगांनी वाकलाय. शेजारची नागुबाई तोडून नेते, तू तिला सांगून गेलीस म्हणे. कुलपाला हात लावून बघितला मी एकदा. गंज धरायला लागलाय. नागुबाई म्हणाली, "महिन्याभरात येती म्हनली रेणी. आईला, भामाबाईला बी घेऊन गेली. आता कवा येती कुनाला ठावं." शाळेतही तू तसंच सांगून गेलीस. गुरुजी अजून विचारतात, रेणुकाताई कधी येणार, पोरं विचारून राहिलीत.

पोरं विचारणारच. बिनदप्तराच्या शनिवारी गावातल्या माणसांना शाळेत बोलवायचं, पोरांना त्यांची कामं दाखवायची, ही गुरुजींची कल्पना. पण तुला बोलवा म्हणून हट्ट धरणारी मी. आधी मलप्पाकाका येऊन गेले. अंबाडीचा वाख मांडीवर घेऊन त्यांनी दोर कसा वळायचा ते शिकवलं, तर अर्ध्या पोरांनी एकमेकांचे पाय बांधले. पुढच्या शनिवारी तू आलीस, ती चंद्रीला घेऊनच. वानेरी गाय, अंग पांढरंशुभ्र आणि तोंड काळं, नुकतं काजळात बुडवून काढल्यासारखं. शाळेच्या फाटकातून ती अशी आत आली की जणू झेंडावंदनाला साहेब आलेत. पोरांनी तिला जागा करून दिली. साहेबालाही देत नाहीत.

तू काय बोललीस ते मला पाठ आहे. गोबरगॅसचं, शेणकाढ्याच्या खताचं, आपल्या देवणीच्या जनावराला ऊन कसं सोसतं त्याचं. पण सगळ्यात लक्षात राहिलं ते पुढच्या रांगेतल्या त्या पोरानं विचारलेलं. "ताई, तुमी पुण्याला नोकरीला व्हता ना? मग शेण काढायला लाज वाटत न्हाई का?" गुरुजी त्याच्यावर डोळे वटारायला लागले, तर तू हसलीस. म्हणालीस, "वाटली की. लई वाटली पहिल्यांदा. पर पुण्यात मी टाकीतलं दूध तपासायची. ते कोणच्या गाईचं हाय, कोण काढतंय, काय बी ठावं नसायचं. हितं सकाळी दार उघडलं की चंद्री हंबरती. मला वळखती ती. असं काम करा पोरांनो, ज्यात तुम्हाला कुणीतरी वळखंल." सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. आमची शिवांगी वाजवत नव्हती. दहावीच्या रांगेत बसून नुसती तुझ्याकडे बघत होती. मी तेव्हाच ओळखलं. आईला कळतं ते.

त्या दिवसापर्यंत तिचं सगळं ठरलेलं होतं, म्हणजे तिच्या बापाचं आणि माझं ठरलेलं होतं. दहावी, मग लातूर, मग क्लास, मग नीट, मग डॉक्टर. आपल्याकडे ज्याला त्याला हेच ठरवायचं असतं. दहावी झाल्यावर तिला हॉस्टेलला सोडायला गेलो, तर अख्खा जिल्हा गाद्या आणि बादल्या घेऊन रस्त्यावर उतरलेला. गादी टाकली आणि पोरगी म्हणाली, "मी परीक्षा देईन. पण उदगीरच्या कॉलेजासाठी. मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, रेणुकामावशीसारखं काम करायचंय." ह्यांचा चेहरा बघायला हवा होतास. "ढोरांची डॉक्टर व्हायला लातूर कशाला पायजे? घरी हायत की ढोरं," म्हणाले. परतीच्या एसटीत औसा सुटल्यावर गावापर्यंत जे बोलले ते सगळं तुझ्याबद्दल. मीही चिडले होते. तुझ्या दारात येऊन भांडलेच की. तू ऐकून घेतलंस आणि चहा टाकलास. तुझ्याशी भांडण काढणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं.

पुढे हळूहळू राग उतरला. पोरगी अभ्यास करायला लागली. ही आधी पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघणारी, ती आता रविवारी फोनवर सांगते की मावशीला सांग, गाईला चार पोटं असतात ते मला कळलं. हॉस्टेलच्या भिंतीला तिनं एकच फोटो चिकटवलाय. त्यात तू आहेस आणि चंद्री आहे. देवाचा लावला नाही, बापाचा लावला नाही. हे एकदा भेटायला गेले तेव्हा तो बघून आले आणि घरी येऊन म्हणाले, गाय चांगली आहे. एवढं तरी म्हणाले.

आता जे लिहायचं ते लिहिते. गायरानाला तारेचं कुंपण पडलं तेव्हा गावात कुणालाच वाईट वाटलं नाही, रेणू. सोलरच्या पाट्या बसल्या, दिवसा लाईट मिळायला लागली, रात्री पाणी धरायला जाणं थांबलं. आमच्या ह्यांना साप चावता चावता राहिलाय, मी तर देवाला नारळ फोडला. चांगलीच गोष्ट झाली. धूर नाही, कोळसा नाही, शाळेतल्या पोरांना तेही दाखवायला नेलं गुरुजींनी. पण तुझ्या गाई कुठे चरणार हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. ज्याला बांध आहे त्याला गायरान गेल्याचं काय? तुमच्या भीमनगरात कुणाला बांध आहे? तुझ्या घरचं तूप घेताना पूर्वी ज्या बायका नाक मुरडायच्या, त्यांनीच तुझा फोटो पेपरात आल्यावर डबे पाठवले होते. गाई दाराशी उपाशी हंबरायला लागल्यावर त्यातल्या एकीनंही तुला म्हटलं नाही की आमच्या बांधावर आण. शाळेत टाळ्या वाजवायला सगळं गाव होतं. सोयाबीनच्या फवारणीत तुझी जनावरं बांधावरून हाकलणाऱ्यांत आमचे हेही होते. मी घरात भांडले. माझ्या भांडण्यानं तुझ्या गाईंचं पोट भरलं नाही. ह्यावर मला लिहायचं होतं पुष्कळ, पण लिहायला गेलं की हात थांबतो. मला राग येतो. तुझा नाही, सगळ्यांचा.

आणि तुझाही येतो. तू एकदाही म्हणाली नाहीस. एक गाय गेली, दुसरी गेली, आम्हाला वाटलं विकून नवी घेतेस. विचारलं तर हसायचीस. मग एक दिवस कुलूप.

देवणीच्या बाजाराला आमचे मामंजी गेले होते. घरी दुधाला एक गाय बघायची होती. संध्याकाळी टेंपो दारात लागला आणि मागून उतरली ती चंद्री. मी तिला लगेच ओळखलं. मामंजींना ठाऊकच नव्हतं कुणाची ते, दलालाकडून घेतलेली. मी सांगितल्यावर त्यांनी तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाले, "पोरी, ही दाव्यासकट आलीय. म्या बाजारातच बोललो त्या दलालाला, दावं काढ रं. तर म्हनतो, मालकीनीनं न्हेलंच न्हाई." तुला सांगायला नको, जनावर विकताना आपलं दावं आपण सोडून घ्यायचं आणि घेणाऱ्यानं स्वतःचं आणायचं, ही आपल्याकडची रीत. दावं घरी राहिलं म्हणजे आज ना उद्या तिथं पुन्हा जनावर बांधलं जाणार. तुझ्या आईनं शेवटची म्हैस विकली, तेव्हाचं दावं खुंटीला किती वर्षं लटकत होतं, मी बघितलंय. तू पुण्याहून आलीस ती तेच दावं झटकून पहिली कालवड बांधलीस. एवढं कळणारी तू. गडबडीत राहून गेलं असं मी मनाला समजावलं. पण तुझ्या हातून गडबडीत काही राहत नाही. तू मुद्दाम ठेवलंस. पुन्हा जनावर बांधायचंच नाही, असं ठरवून ठेवलंस.

बरं, दावं कुठलं आहे तेही तुला माहीत आहे. मलप्पाकाकांच्या शनिवारी शिवांगीनं वळलेलं. सगळ्या वर्गात तिचंच धड जमलं होतं, आणि रंग यावा म्हणून तिनं वेणीची लाल रिबीन त्यात पिळून घातली होती. दुसऱ्या शनिवारी तिनं ते तुला दिलं आणि तू तिच्यासमोर चंद्रीच्या गळ्यात बांधलंस. रिबीन अजून तशीच आहे, मळलीय फक्त.

चंद्री इथं दूध देत नाही. म्हणजे देते, पण पान्हा चोरते. आत्याबाई भरडा-पेंडीचं अंबोण देतात, गोंजारतात, तरी ती मान वळवून फाटकाकडे बघत राहते. मामंजींनी मात्र वेगळंच धरलंय. मी दावं सोडायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिनं सोताच्या हातानं सोडलं न्हाई तवर सौदा पुरा न्हाई. गाय तिचीच हाय, आपल्या गोठ्यात हाय इतकंच." आमचे हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी नाल्याकडच्या बांधावर त्यांनी स्वतः तिला चारायला नेलं. काय समजायचं ते तू समज, मी विचारायला गेले नाही.

रेणू, येळवशीच्या अमावास्येला शिवांगी येतेय. हॉस्टेलला सुट्टी आहे, रात्रीच्या गाडीनं न येता सकाळी येईल. दर रविवारी ती विचारते, चंद्री कशी आहे, आणि मी म्हणते, बरी आहे. खोटं बोलत नाही मी, बरीच आहे. पण ती कुठे आहे ते सांगत नाही. मावशी फोन का उचलत नाही, ह्याला मी रेंजचं निमित्त सांगते. आता ती दारातून आत येईल आणि आपल्याच गोठ्यात तिला स्वतःची लाल रिबीन दिसेल. तेव्हा मी काय सांगू? मोठी माणसं शाळेत येऊन छान बोलतात आणि मग निघून जातात, असं सांगू? ती अभ्यास सोडेल ह्याची मला भीती नाही. ती अभ्यास करेल, डॉक्टर होईल, बापाला हवी तशी होईल, आणि पुन्हा कुणाचं बोलणं असं डोळे लावून ऐकणार नाही. मला ह्याची भीती वाटते.

दरवर्षी येळवशीला तू आमच्या शेतात जेवतेस. यंदाही ये. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं आहेच. भामाबाईंना आण, भाऊजींना आण. नांदेडला डेअरीत काम धरलंस असं कानावर आलं, ते खरं असेल तर धर, मी अडवत नाही. मला तू हवी आहेस ती तू जिंकलीस म्हणून नाही. पण पोरीला तू टाळ्यांच्या दिवशी भेटलीस, तशी आता ह्या दिवशीही भेट. कडब्याच्या कोपीत बसून तिला सांग की गायरान गेलं, वैरण पुरली नाही, गावानं साथ दिली नाही, मला जमलं नाही आणि मी रडले. जे झालं ते सांग. आमचे हे तिथं बसलेले असतील, त्यांच्यासमोर सांग. आणि मग उठून चंद्रीजवळ जा. दावं सोडून खुंटीला लावायला घरी ने, नाहीतर दावं धरून गाय ने. दोन्हीतलं काहीही कर. पण ते तुझ्या हातानं कर, आणि शिवांगीच्या देखत कर. मी त्या दाव्याला हात लावणार नाही.

तुझीच,
उज्वला