नदीवर बसायला

आई, नदीकाठची ती लांब पायरी अजून आहे. संध्याकाळी तिथे बायका बसतात. त्यांच्या हातात काही नसतं. तुला हे आवडलं नसतं, तरीही तुलाच सांगते आहे.

नवं राज्य झालं होतं आणि आपल्या नगरपालिकेला नदीकाठ सुधारायचा होता. कचेरीबाहेर नकाशा लागला. वरच्या अंगाला, कडुनिंबांच्या सावलीत, पुरुषांसाठी बाकं. खाली उन्हात बायकांसाठी धुण्याचे दगड. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. हरकत लिहून दिली, सभेचं बोलावणं आलं. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, बायांले दगड देऊन राह्यलो ना आम्ही. अजून काय पाह्यजे?" मी म्हटलं, "बसायला जागा." सगळे हसले. "बसून काय करतीन त्या?" "तुम्ही काय करता?" मी विचारलं. मग हसणं थांबलं.

मी घरी पोचायच्या आत ते तुझ्या कानावर आलेलं. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, वर न पाहता. "तुले घरात बसाले जागा कमी पडली काय वं?" मग तुझा हात थांबतो. "आता गठुडं घेऊन निघालं का घरोघरच्या सासवा इचारतीन, धुवाले चालली का बसाले? इतके दिवस कोनी इचारत नव्हतं. तुह्यापायी आमचं जानंबी बंद होईन." तुझं गाठोडं मला ठाऊक होतं. दोरीवरची वाळलेली, स्वच्छ लुगडी तू पुन्हा बांधायचीस आणि नदीवर न्यायचीस. लहानपणी मी सोबत असायचे. एक लुगडं पाण्यात बुडवून दगडावर टाकायचीस आणि पाय पाण्यात सोडून शेजारणीशी बोलत बसायचीस. तसं हसताना मी तुला घरात कधी पाहिलं नाही. "पन चोरून काऊन जायाचं, आई?" मी विचारलं. "चोरून गेलो म्हनून गेलो तरी," तू म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस.

मी प्रत्येक सभेला जाऊन बसले. शेवटी कंटाळून त्यांनी दोन बाकं कमी केली आणि कडुनिंबाखाली बायकांसाठी एक लांब पायरी बांधली. तू म्हणालीस तेही झालं. घराघरांत गाठोडी उघडून पाहिली जाऊ लागली. तुझ्या शेजारणीचं नदीवर येणंच बंद झालं. त्याचा दोष तू मरेपर्यंत मला दिलास. मी तो घेत नाही. गाठोडी तपासणारे हात माझे नव्हते. लपूनछपून मिळालेली नदी तुला पुरत होती. मला ती नकाशावर हवी होती, आणि आजही मी तेच मागेन.

पायरीवर आधी आल्या मोताळ्याचा बाजार करून परतणाऱ्या भाजीवाल्या. टोपल्या बाजूला टाकून, पाय पसरून बसल्या. मग शाळेतल्या मुली, मग सुना, पुढे त्यांच्या सासवाही. तू कधीच आली नाहीस. खालच्या दगडावरूनच परत जायचीस.

हे पत्र कुठेच पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. भाजीवाल्यांच्याही आधी, पहिल्या संध्याकाळी, त्या पायरीवर मी एकटीच होते. नदी मी पाहिलीच नाही. कोण कोण आपल्याकडे पाहतंय, तेवढंच पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी नदी पाहायला गेले.